परिच्छेद नववा

निकुंभ वकिलांचा कूलर नुसता आवाज करतो.
धुळ्याचा वैशाख, दुपारचे तीन,
आणि मी, पांझरातीर गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी,
मांडीवर सभावृत्तान्ताचं रजिस्टर घेऊन बसलोय
जसं कुणी आजारी मांजर घेऊन बसतं.

दावा चार लाखांचा आहे.
दगूबाई वाघ, वय अठ्ठावन्न, खुब्यात सळई.
मागच्या उन्हाळ्यात गच्चीवरून बिबड्यांची पाटी घेऊन उतरताना,
ब विंग, दुसऱ्या मजल्याखाली,
तिसरी पायरी.
बिबड्या आमच्याच होत्या. सोळा घरांच्या.
कुणाची ज्वारी किती, तिला तोंडपाठ.
ॲम्ब्युलन्स गेल्यावर बायकांनी जिन्यातून त्या वेचल्या,
मोजून वाटल्या.
आमच्या वाट्याला एकवीस आल्या, तीन तुटक्या.

नोकरीभर मी भूमी अभिलेखात साखळी ओढली,
वीतभर बांधासाठी भाऊ भावाच्या नरडीला जाताना पाहिला.
ती फरशी पुढच्या कडेला पाऊण इंच सुटलेली होती.
मीच मोजली. मीच लिहिलं:
‘दुरुस्ती खर्च रु. १८५०. विषय पुढील सभेत घ्यावा.’
पुढील सभेत भदाणे म्हणाले, आधी कमान.
कमानीवर आता संस्थेचं नाव आहे, रात्री दिवे लागतात,
चौऱ्याहत्तर हजार.
‘विषय पुढील सभेत’ असं रजिस्टरात तीनदा आहे,
तिन्ही वेळा अक्षर वळणदार.

वकील पानं उलटतात.
‘हे रजिस्टर हरवू नाही का शकत?’
मग म्हणतात, गंमत केली.
मीही हसतो, जरा उशिरा.

मग ते बचाव सांगतात.
ती संस्थेची नोकर नव्हती.
चपला झिजलेल्या होत्या.
एक हात मोकळा असून कठडा धरला नाही.
‘आणि ती पायरी खराब आहे, हे तिला ठाऊक होतं का?’

होतं, मी म्हणालो.
पटकन. उत्तर येणाऱ्या पोरासारखं.
दुपारी ती त्याच जिन्यात सावलीला बसायची,
पोरासोरांना, कुरिअरवाल्याला, मलासुद्धा
दरवेळी सांगायची:
‘जपीसन उतरजो बेटा, ती पायरी डुलस.’

‘सोनं आहे हे,’ वकील म्हणाले,
आणि टायपिस्टला सांगितलं, घे, परिच्छेद नववा:
वादीस सदर पायरीच्या स्थितीची पूर्ण जाणीव होती.
सबब झालेल्या इजेस वादी स्वतः जबाबदार आहे.

किती स्वच्छ झालं.
डुलस नाही. बेटा तर नाहीच.

खाली कडुलिंबाजवळ नोटरीचं टेबल.
शिक्क्याची शाई उन्हानं वाळत होती, तो पुन्हा पुन्हा पॅड थुंकीनं ओलं करायचा.
प्रतिज्ञापत्रावर, सत्य असे, त्याच्या अगोदर
माझं पेन थांबलं.
समोर तिचा वकील उभा दिसला, कोवळा पोरगा, कोट उसना:
तिला ठाऊक होतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?
तिनं सांगितलं.
किती वेळा?
मोजलं नाही.
तुम्ही तर मोजणीखात्यात होता ना?

‘काका,’ नोटरी म्हणाला, ‘मागे रांग आहे.’

मी सही केली.

घरी आलो तेव्हा वीज गेलेली,
जिन्यात काळोख, हातात फाईल.
पाय आपोआप
तिसरी पायरी टाळून चौथीवर पडला.
तिथेच थांबलो थोडा वेळ.
वरून बायको ओरडली, कोण आहे?

ताटात तळलेली बिबडी होती, तुटक्यातली शेवटची.
कडेला चार बोटं उमटलेली, ओल्या फडक्यावर थापताना उमटतात तशी.
‘काय म्हणाले वकील?’
म्हटलं, केस चांगली आहे आपली.
‘आणि दगूबाई?’
मी बिबडी मोडली.
मोठा आवाज झाला.